गणपतीआधी रंग नको, आधी ओल शोधा

जुलै लागला की फोन सुरू होतात. “काका, गणपतीच्या आत हॉल रंगवून द्या. एकाच भिंतीला जरा ओल आहे, बाकी सगळं ठीक.” डोंबिवली, कल्याण, बदलापूर या पट्ट्यात मी 27 वर्षं रंगकाम करतोय आणि त्यातली पहिली 15 वर्षं असली कामं मी बिनदिक्कत घेतली. पत्रीने पोपडे काढायचे, लांबी (पुट्टी) भरायची, पॉलिश पेपर मारायचा, एक हात प्रायमर, दोन हात रंग. मखर उभं राहायच्या आत भिंत नव्यासारखी. दिवाळीपर्यंत त्याच जागी पुन्हा फुगे यायचे, पण तोवर आमचा हिशेब झालेला असायचा.

आता विचार करा. दीड महिना पाऊस पिऊन भिंत तुडुंब झालेली असते, आणि नेमकं तेव्हाच आपण तिच्यावर रंगाचं कातडं चढवतो. पाणी आतच कोंडतं. बुरशीला हवं असतं तेच सगळं तिला आयतं मिळतं: ओलावा, अंधार, आणि खायला रंगातली चिकट द्रव्यं, कागद, लाकूड, धूळ. हे मला कुणी शिकवलं नाही. माझ्या मुलीच्या छातीतून ते मला कळलं.

धाकटी तेव्हा सहा वर्षांची होती. आम्ही शेवटच्या मजल्यावर राहायचो, पश्चिमेची भिंत थेट पावसाच्या तोंडावर. जून लागला की तिचा खोकला सुरू. दिवसा बरी असायची. रात्री तीनच्या सुमाराला उठून बसायची आणि श्वास घेताना बारीक शिट्टी वाजायची. आम्ही म्हणायचो, हिची प्रकृतीच थंड आहे. दही बंद, केळं बंद, आइस्क्रीम बंद. कफ सिरपच्या बाटल्या संपत होत्या.

त्या वर्षी गौरी-गणपतीला संगमेश्वराकडच्या आमच्या गावी गेलो. तिसऱ्या रात्री पोरगी सलग झोपली. परत आलो आणि दुसऱ्याच रात्री शिट्टी पुन्हा वाजली. तेव्हा बायको म्हणाली, “गावाला इथल्या दुप्पट पाऊस. मग तिथे ही का खोकत नाही?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सकाळी तिच्या कॉटशेजारचं कपाट पुढे ओढलं. कपाटाच्या पाठीच्या प्लायवर पांढरा कापूस पसरल्यासारखी बुरशी, आणि मागच्या भिंतीवर दोन हात रुंदीचा काळा-हिरवा पट्टा, खालून वर चढलेला. बोट लावलं तर मऊ राखेसारखं काहीतरी बोटाला आलं. कपाटातला तिचा शाळेचा स्वेटर नाकाला लावला, कुबट वास. ती भिंत आदल्या वर्षी गणपतीच्या आठ दिवस आधी मीच रंगवलेली होती.

म्हणून हे लिहितोय. ज्या क्रमाने मी आता काम करतो, त्याच क्रमाने सांगतो.

शरीरात काय होतं

छातीच्या डॉक्टरांनी मला समजावलं, पुढे मी वाचत गेलो. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, त्यांच्याशिवाय जग नाही. पण ओल्या भिंतीवर बुरशी वाढली की ते बीजाणू आणि बुरशीचे बारीक तुकडे घरातल्या हवेत फार वाढतात. बरेचसे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान. नाकात अडकले तर शिंका, चोंदलेलं नाक, डोळ्यांना खाज; खोल गेले तर श्वासनळीला सूज, खोकला, घरघर. ज्याला दमा आहे त्याचा दमा बळावतो. ओलसर गाद्या-उशांत धुळीतले सूक्ष्म माइटही वाढतात, त्यांचीही ॲलर्जी असते. त्यामुळे नेमका दोष कोणाचा हे घरी बसून वेगळं काढता येत नाही, आणि काढायची गरजही नाही. ओल गेली की दोघांचंही बळ जातं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली घरातली ओल आणि बुरशी या विषयावर मार्गदर्शक तत्त्वं काढली. ओलसर, बुरशीच्या घरात राहणाऱ्यांना श्वसनाच्या तक्रारी, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दमा बळावणं यांचा धोका जास्त असतो, असा निष्कर्ष त्यात आहे. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते: हवेत इतकी बुरशी चालते आणि इतकी चालत नाही, असा आकडा त्यांनी दिलेलाच नाही. ओल येऊ देऊ नका, आली तर दूर करा, एवढंच. म्हणून कुणी हजारो रुपये घेऊन तुमच्या घरातल्या बुरशीची जात तपासून देतो म्हणाला, तर ते पैसे प्लंबरला द्या. डोळ्यांना दिसतेय, नाकाला कळतेय, तेवढं पुरतं.

सगळ्यांना सारखाच त्रास होत नाही. एकाच घरात बाप ठणठणीत आणि मुलगी बेजार, हे मी शेकडो घरांत पाहिलंय. तान्ही बाळं, म्हातारी माणसं, दमेकरी, पूर्वी टीबी होऊन गेलेले, केमोथेरपी चाललेले, अवयव बदललेले, साखर ताब्यात नसलेले: यांची काळजी आधी घ्या. टीबीने फुप्फुसात पोकळी राहिली असेल तर तिथे बुरशी घर करू शकते; अशा माणसाच्या थुंकीतून रक्त आलं तर एक दिवसही थांबू नका. काही दमेकऱ्यांना ॲस्परजिलस नावाच्या बुरशीची तीव्र ॲलर्जी होते. एक्स-रेवरचे डाग पाहून आपल्याकडे अशा रुग्णाला टीबी समजून औषधं सुरू झाल्याची उदाहरणं कमी नाहीत. औषध घेऊनही उतार नसेल तर “घरात ओल आहे” हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. ते आपण होऊन विचारतीलच असं नाही.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी कूलरकडे बघावं. फुप्फुसांच्या चिवट सुजेचे 1,084 रुग्ण तपासून देशभरातल्या 27 केंद्रांनी 2017 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जवळपास निम्म्यांना श्वासातून गेलेल्या कणांमुळे येणारी सूज होती, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांच्या घरात कूलर होता. कुजलेलं गवत, हिरवट पाणी, त्यावरून येणारा वारा थेट तोंडावर. दर उन्हाळ्यात गवत नवं घाला, टाकीतलं पाणी वरचेवर बदला, टाकी घासून वाळवा.

एक भीती मात्र मनातून काढा. 2021 च्या उन्हाळ्यात ‘काळी बुरशी’ हा शब्द घराघरांत गेला आणि लोक फ्रिजचं रबर, कांद्यावरची काजळी, भिंतीवरचे डाग बघून हादरले. म्युकरमायकोसिस ही वेगळी बुरशी आहे, आणि ती मुख्यतः अनियंत्रित मधुमेह किंवा स्टेरॉइडमुळे प्रतिकारशक्ती कोसळलेल्यांना धरते. भिंतीवरचा काळा डाग तो रोग नाही. त्या डागाचा त्रास दम्याचा आणि ॲलर्जीचा.

घरात कुणाला त्रास असेल तर एक वही करा. तारीख, रात्री किती वेळा जाग आली, कुठल्या खोलीत झोपले, पाऊस होता का. आणि आठ दिवस त्या माणसाला कोरड्या घरी पाठवून बघा: मामाकडे, आत्याकडे, कुठेही. तिथे बरं वाटलं आणि परतल्यावर पुन्हा सुरू झालं, तर डॉक्टरांना आणि मला दोघांनाही निम्मी दिशा मिळते.

पाणी कुठून येतंय

हा सगळ्यात मोठा भाग आहे, आणि लोक हाच टाळतात. पेन्सिल घ्या. ओलीच्या कडेने भिंतीवर रेघ मारा, बाजूला तारीख लिहा. चार दिवसांनी डाग रेघेबाहेर गेलाय का बघा. पाऊस थांबला तेव्हा आक्रसला का, तेही बघा. महिनाभर असं केलंत की भिंत स्वतःच बोलायला लागते.

मे महिन्यात डाग कोरडा पडतो आणि जूनच्या मध्यावर उगवतो, तर पाणी पावसाचं. पश्चिम किंवा नैऋत्येची भिंत असेल तर बाहेरच्या प्लास्टरला तडे असणार. खिडकीखाली डाग असेल तर खिडकीची चौकट आणि भिंत यांतली फट, किंवा बाहेरचा उतार उलटा. छतावर असेल तर गच्चीचा कोबा. एप्रिलच्या रखरखाटातही डाग ओलाच असेल तर पावसाला दोष देऊ नका. पाइप, नहाणी ट्रॅप किंवा वरच्यांचं बाथरूम. माझ्या एका गिऱ्हाइकाकडे सकाळी नऊनंतर डाग गडद व्हायचा आणि रात्री फिका. वरच्या घरात आंघोळी उरकल्या की तासाभराने. तिथे आम्ही वरच्या काकूंना विनंती करून त्यांच्या नहाणीत रंगीत पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी खाली गुलाबी कड उमटली. भांडण तिथेच संपलं, कारण काकूंनी ती स्वतः पाहिली.

तळमजल्यावर जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच ओल, वर पांढरा लोणा, बोटाने खरवडलं की पीठ पडतं: हे जमिनीतलं पाणी भिंतीतून वर चढतंय. त्यावर टाइल लावून झाकू नका, पाणी टाइलच्याही वर चढतं.

आणि चौथा प्रकार, जो आमच्या धंद्यातले लोकही ओळखत नाहीत. ना डाग, ना पोपडे, फक्त काळे ठिपके. कपाटामागे, पडद्यामागे, छताच्या कोपऱ्यात, बाथरूमच्या दारावर. हे पाणी बाहेरून आलेलंच नाही. ते घरातल्याच हवेतलं आहे. कुकरच्या शिट्ट्या, गरम पाण्याची वाफ, आणि पावसाळ्यात हॉलमध्ये बांधलेल्या दोऱ्या. एका बादलीच्या पिळलेल्या कपड्यांत दोनेक लिटर पाणी असतं. ते वाळले म्हणजे ते पाणी तुमच्या खोलीच्या हवेत गेलं.

एसीचंही असंच. मुंबई-ठाण्याच्या जुलैत हवा इतकी दमट असते की 24-25 अंशांच्या गार पृष्ठभागावरही तिला दव धरतं. रात्रभर 20 वर एसी लावून भिंती, काचा गार केल्या आणि सकाळी खिडक्या उघडल्या, की बाहेरची हवा आत येऊन भिंतीवर घाम धरते. 26 ठेवा, आणि एसी बंद केल्यावर खिडक्या उघडायची घाई करू नका.

बाहेरचं पाणी की घरातलं, हे ठरवायला एक सोपी युक्ती आहे. हातभर चौकोनी जाड प्लास्टिक घ्या. भिंतीचा तेवढा भाग पंख्याने वरवर सुकवून ते चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवसांनी बघा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय. तोंडाकडच्या बाजूला ओलसर असेल तर खोलीतली हवा दमट आहे. मी आता हे केल्याशिवाय कुणालाही भाव सांगत नाही. सोबत 400 रुपयांच्या आसपास मिळणारं आर्द्रतामापक घड्याळही घ्या. घरात 60 टक्क्यांच्या खाली ठेवावं असं तज्ज्ञ सांगतात. कोकणपट्टीत जुलैत ते एसीच्या ड्राय मोडशिवाय किंवा हवेतलं पाणी ओढणाऱ्या यंत्राशिवाय जमणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण आकडा दिसला की कपडे कुठे वाळवायचे आणि पंखा कधी लावायचा, हे माणूस आपण होऊन बदलतो.

साफ करताना

साधारण तीन फूट बाय तीन फूट एवढा डाग घरच्या घरी साफ करता येतो. त्याहून मोठा असेल, किंवा गटाराचं पाणी शिरलं असेल, तर माहितगार माणूस बोलवा. आणि दमा असलेल्याने, गरोदर बाईने, लहान मुलांनी त्या दिवशी घरातच थांबू नये.

मी वर्षानुवर्षं जे केलं ते करू नका: कोरड्या भिंतीवर पत्री. कोरडी बुरशी खरवडली की एका मिनिटात घरभर उडते. अंथरुणं, कपडे, खेळणी आधी बाहेर काढा. पंखा बंद, खोलीचं दार बंद, खिडकी उघडी. तोंडाला एन-95 मास्क, नाकावर नीट दाबलेला. रुमाल चालत नाही. रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा. भांड्याच्या साबणाचं पाणी हलकेच फवारा, दहा मिनिटं भिजू द्या, मग फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून फेका. दुसरं फडकं, पुन्हा पुसा. मग पंखा थेट भिंतीवर लावून पूर्ण सुकवा. सुकवणं राहिलं तर केलेलं सगळं पाण्यात.

ब्लीच लोकांना फार आवडतं, कारण डाग लगेच पांढरा होतो. टाइल, काच यांवर ठीक आहे. चार लिटर पाण्यात एका कपापेक्षा जास्त नको. प्लास्टरमध्ये मात्र ते आत मुरत नाही; वरचा रंग जातो, मुळं राहतात, आणि मेलेली बुरशीही ॲलर्जी देतेच. म्हणून मारण्यापेक्षा पुसून काढणं महत्त्वाचं. ब्लीच आणि टॉयलेट साफ करायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, अमोनियाही नको. त्यातून विषारी वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो माणसाला आडवा करतो.

काही वस्तू सोडाव्या लागतात. कापसाची गादी, उशी, फुगलेलं प्लाय, पीओपीचं भिजलेलं छत. आईने भरलेली गोधडी टाकवत नाही, मला कळतं. ती गरम पाण्यात धुवा, दोन दिवस कडक उन्हात घाला, आणि तरीही वास येत असेल तर दमेकऱ्याच्या अंगावर देऊ नका.

26-27 जुलै 2019 ला उल्हास नदी पसरली, महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली, बदलापूर-कल्याणच्या तळमजल्यांत चिखल शिरला. गणपती 2 सप्टेंबरला होते. ऑगस्टभर मला रंगाचे फोन. मी पहिल्यांदाच नाही म्हणायला शिकलो ते तेव्हा. भिजलेल्या वस्तूवर बुरशी धरायला 24 ते 48 तास पुरतात. तेवढ्यात गाद्या बाहेर, फर्निचर भिंतीपासून लांब, चिखल धुऊन पंखे चालू, एवढं ज्यांनी केलं त्यांची घरं पुष्कळ वाचली. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा तिथल्या नातेवाइकांना मी फोनवर हेच सांगत होतो: आधी ओलं बाहेर काढा, सामान मोजणं नंतर. अर्थात वीज तपासून घेतल्याशिवाय एकही बटण दाबायचं नाही.

मग दुरुस्ती, आणि सगळ्यात शेवटी रंग

पाणी जिथून शिरतं तिथे अडवायचं. आतून ‘डॅम्पप्रूफ’ मारून बाहेरचं पाणी थांबत नाही. ते शेजारच्या भिंतीत सरकतं नाहीतर रंगासकट फुगा काढतं. बाहेरचे तडे छिन्नीने इंग्रजी व्ही अक्षरासारखे उकलून, धूळ काढून, पॉलिमर मिसळलेल्या मालाने भरायचे. खिडकीची फट सीलंटने बंद करायची, उतार बाहेरच्या बाजूला द्यायचा. ड्रेनेजच्या पाइपालगत पिंपळाचं रोप दिसलं तर ते तिथे उगाच नाही. पाणी गळतंय म्हणून ते जगतंय. मुळासकट काढा आणि जॉइंट तपासा. गच्चीचं काम झालं की पाणी अडवून 48 तास साठवायचं आणि खालच्या मजल्यावर बघायचं. कंत्राटदार “गरज नाही” म्हणाला तर शेवटचा हप्ता देऊ नका. ही कामं फेब्रुवारी ते मेमधली.

सुकायला वेळ द्या. आमचा ठोकताळा असा की विटेची भिंत महिन्याला इंचभर सुकते. नऊ इंची भिंत भिजली असेल तर ऑक्टोबरात पाऊस गेला म्हणून दिवाळीला रंग, हे गणित बसत नाही. गावाकडचं माझं घर चिऱ्याचं, जोतं उंच, भिंतीला चुना, वर कौलं. चुन्यातून भिंत श्वास घेते, आणि चुना जहाल असल्याने त्यावर बुरशी सहज धरत नाही. पावसाच्या बाजूला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधलेले, म्हणजे भिंतीला पाणी लागतच नाही. बायकोच्या प्रश्नाचं उत्तर तिथे होतं. तळमजल्यावरच्या ओलीच्या भिंतीला मी आजही प्लास्टिक रंगापेक्षा चुना किंवा हवा खेळू देणारा रंगच सुचवतो. घर कमी चकचकतं, पण पोपडे पडत नाहीत.

तोवर रोजचं: कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे. पलंग बाहेरच्या भिंतीला लावायचा नाही. आंघोळ आणि स्वयंपाक चालू असताना आणि पुढे अर्धा तास एक्झॉस्ट चालू. ऊन पडलं की खिडक्या सताड, सरी सुरू झाल्या की पावसाच्या बाजूच्या बंद. कपडे एकाच खोलीत, दार लावून, पंखा आणि एक्झॉस्ट लावून वाळवा. ज्या खोलीत मूल झोपतं त्या खोलीत नको. वास जावा म्हणून ऊद-धूप घालू नका, धुराने दमा आणखी चाळवतो. डांबरगोळ्या तान्ह्या बाळाच्या कपड्यांत ठेवू नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतः एक दोष असतो, त्यांच्या रक्तपेशी त्याने फुटतात.

खर्च कोणाचा

सोसायटीचे आदर्श उपविधी काढून बघा. गच्ची, बाहेरच्या भिंतींतून येणारं पावसाचं पाणी, सामायिक पाइप: दुरुस्ती सोसायटीची. फ्लॅटमधल्या टॉयलेट, सिंकची गळती: त्या फ्लॅटच्या मालकाची. नवीन घर असेल तर रेरा कायद्याने ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांतला बांधकामातला दोष बिल्डरने 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. तोंडी बोलू नका. तारखेसह फोटो, पेन्सिलच्या रेघा, डॉक्टरांचा कागद, आणि अर्जावर पोच.

भाड्याने राहणाऱ्यांना हमखास ऐकवलं जातं, “तुम्ही खिडक्या उघडत नाही, तुमच्याच राहणीमुळे.” इंग्लंडमधल्या रॉचडेलला अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा डिसेंबर 2020 मध्ये गेला. घरातल्या बुरशीमुळे त्याचा मृत्यू ओढवला, असं 2022 मध्ये कोरोनरने, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, सांगितलं. वडील तक्रारी करत होते, आणि दोष कुटुंबाच्या राहणीला दिला जात होता. त्याच्या नावाने तिथे कायदा झाला. ओलीची तक्रार आली की सार्वजनिक घरांच्या मालकाने ठरावीक मुदतीत तपासून दुरुस्त केलंच पाहिजे. आपल्याकडे तसा कायदा नाही. म्हणून प्लास्टिकची परीक्षा करा आणि तो फोटो मालकाला पाठवा. थेंब भिंतीच्या बाजूला असतील तर “तुमच्या राहणीमुळे” हा मुद्दा उरत नाही.

माझ्या धाकटीला श्वासातून औषध घ्यायचा पंप (इनहेलर) सुरू झाला तेव्हा घरातल्यांनी विरोध केला, सवय लागेल म्हणून. सवय लागत नाही. औषध थेट श्वासनळीत जातं, त्यामुळे पोटातल्या गोळीपेक्षा फार कमी पुरतं. आम्ही फेब्रुवारीत भिंत बाहेरून उकलून घेतली, तिचा पलंग आतल्या भिंतीला लावला, दोन वर्षांत पंपाचा डोस डॉक्टरांनीच कमी केला. ती आता 18 वर्षांची आहे. एक मात्र पाळा: खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर ओलीवर ढकलून घरी बसू नका, थुंकीची तपासणी करून घ्या. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते.

आता जुलैत फोन आला की मी जातो, प्लास्टिक लावतो, डाग ओल्या फडक्याने पुसून देतो आणि सांगतो, मखर यंदा दुसऱ्या भिंतीला मांडा, रंगाचं फेब्रुवारीत बघू. काही गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे जातात. जाऊ देत.

आणि रंगाऱ्याला बोलवाल तेव्हा एक करा. माझ्याकडची पोरं 19-20 वर्षांची आहेत. गिऱ्हाइकाच्या घरी एक डाग असतो, त्यांना रोज नवा. एक जण सारखा खोकायचा, मी त्याला तंबाखूवरून बोलायचो. तो तंबाखू खातच नव्हता. तेव्हापासून माझ्या पेटीत मास्कचं पाकीट आणि फवाऱ्याची बाटली असते, आणि कोरडी पत्री मी कुणाला मारू देत नाही. तुमच्याकडे आलेल्या पोराच्या तोंडाला नुसताच रुमाल असेल तर घरातला एक मास्क त्याला द्या, आणि भिंत आधी भिजवायला सांगा.